प्रॉडक्शन पडल्यावर "हे कोणी केलं?" असं विचारणं बंद करायला हवं

रानवारा (धागालेखक)

टीम सांभाळणारे आणि त्या टीममध्ये काम करणारे, दोघांसाठी हा धागा काढतोय. प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे ग्राहक वापरत असलेल्या चालू यंत्रणेत, काही फुटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, "हे कोणी केलं?" माझं ठाम मत आहे की असं विचारणारा मॅनेजर आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतो. त्या घडीला त्याला सगळ्यात जास्त गरज असते खऱ्या माहितीची. आणि ती ज्याच्याकडे असते त्याचंच तोंड या प्रश्नानं बंद होतं.

ज्यांनी सपोर्टमध्ये दिवस काढलेत त्यांना रात्रीचा ब्रिज कॉल नव्यानं सांगायला नको. वीस-पंचवीस जण जोडलेले, निम्मे म्यूटवर, क्लायंटकडचा माणूस दर पाच मिनिटांनी अपडेट मागतोय. तेवढ्यात टीमच्या ग्रुपवर मेसेज येतो, "शेवटचं डिप्लॉयमेंट कोणाचं होतं?" आणि ग्रुप चिडीचूप. ज्या पोरानं संध्याकाळी कनेक्शन पूलचा, म्हणजे डेटाबेसशी उघड्या ठेवायच्या जोडण्यांचा, आकडा बदललेला असतो तो आता काय करतो? गपचूप लॉग उघडतो आणि हे आपल्या बदलामुळे झालेलं नाही ना, एवढंच शोधत बसतो. खात्री होईपर्यंत बोलत नाही. इकडे डेटाबेसवाले डेटाबेस तपासतायत, नेटवर्कवाले फायरवॉल. तास असाच जातो. त्याचं एक वाक्य पुरलं असतं: "सहा वाजता मी पूल साइझ कमी केलाय, मागे घेऊ का?" मागे घ्यायला दोन मिनिटं लागतात.

याच्या उलट वागल्यावर काय होतं ते बघायचं असेल तर कोड साठवायची सेवा देणाऱ्या गिटलॅबचं प्रकरण वाचा. मी प्रत्येक नव्या टीमला ते सांगतो. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री त्यांचा एक इंजिनिअर मुख्य डेटाबेसची प्रत दुय्यम सर्व्हरवर पुन्हा उभी करायच्या खटपटीत होता. दुय्यम सर्व्हरवरचं डेटाचं फोल्डर रिकामं करायचं होतं. कमांड चालली मुख्य सर्व्हरवर. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं ती थांबवली, पण तोवर सुमारे ३०० जीबीपैकी ४.५ जीबी उरलं होतं. मग बॅकअप शोधायला गेले तर रोजचा डंप (डेटाबेसची फाइलमधली प्रत) तयारच होत नव्हता. डंप घेणारा प्रोग्रॅम पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या ९.२ आवृत्तीचा आणि डेटाबेस ९.६ चा. डंप फसतोय हे कळवणाऱ्या ईमेल समोरचा सर्व्हर नाकारत होता, त्यामुळे कोणाला पत्ताच नव्हता. शेवटी कामी आला तो एक स्नॅपशॉट (त्या क्षणीची प्रत), आणि तो त्याच इंजिनिअरनं सुमारे सहा तास आधी आपल्या कामासाठी हातानं घेऊन ठेवला होता.

कंपनीनं काय केलं? डेटा परत आणण्याचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं, चालू नोंदी सगळ्यांना वाचायला खुल्या ठेवल्या, आणि नंतरच्या अहवालात त्या माणसाचा उल्लेख 'टीम मेंबर १' एवढाच केला. अहवालाचा सगळा भर बॅकअप कोण तपासतं, परत भरून बघतं का, फसल्याचं कोणाला कळतं, यावर. कामाच्या यादीत एक बारीक गोष्ट होती, ती मला फार आवडते: टर्मिनलवरचा प्रॉम्प्ट असा बदलायचा की आपण कोणत्या सर्व्हरवर आहोत ते नजरेला चटकन कळावं. दोन काळ्या खिडक्या शेजारी शेजारी उघड्या, सर्व्हरच्या नावात फरक फक्त एका आकड्याचा, रात्रीचे अकरा वाजून गेलेले. अशा वेळी कोणाचाही हात चुकीच्या खिडकीत जाईल.

त्या इंजिनिअरला दुसऱ्या दिवशी घरी पाठवलं असतं तर "कोणी केलं?" याचं उत्तर मिळालं असतं आणि बंद पडलेला बॅकअप तसाच बंद राहिला असता.

तुमच्या ऑफिसात काय पद्धत आहे ते लिहा. पटत नसेल तर तेही लिहा.

चाकणकर

मी आयटीतला नाही, ऑटो पार्ट्सच्या कारखान्यात क्वालिटीला आहे, तरी राहवलं नाही.

आमच्याकडे कस्टमरकडून माल रिजेक्ट झाला की एट-डी रिपोर्ट (आठ टप्प्यांचा कारण आणि उपायांचा अहवाल) पाठवावा लागतो. त्यात कारण म्हणून 'ऑपरेटरचं दुर्लक्ष' आणि उपाय म्हणून 'ऑपरेटरला समज दिली' एवढंच लिहिलं तर तो कागद परत येतो. कस्टमरचा इंजिनिअर विचारतो, "उद्या त्या जागी दुसरा ऑपरेटर उभा राहिला तर?" याला आमच्याकडे उत्तर लागतं.

एका लाइनवर ब्रॅकेट अधूनमधून उलटा बसायचा. समज देऊन झाली, मशीनवर फोटो लावून झाले, शिफ्ट सुरू होताना रोज सांगून झालं. तरी महिन्याकाठी एखादा निसटायचाच. शेवटी टूलरूमवाल्यांनी फिक्श्चरमध्ये (भाग धरून ठेवणाऱ्या साच्यात) एक पिन बसवली. आता ब्रॅकेट उलटा धरला तर फिक्श्चरमध्ये जातच नाही. याला पोका-योके म्हणतात. टोयोटात शिगेओ शिंगो यांनी ही पद्धत १९६० च्या दशकात रुजवली आणि आज चाकण-भोसरीतल्या लहान शॉपमध्येसुद्धा हा शब्द ऐकायला मिळतो.

माझा प्रश्न असा, की सॉफ्टवेअरमध्ये ही पिन कुठे बसवतात?

रानवारा

चाकणकर, फार नेमका प्रश्न. एक उदाहरण देतो.

२८ फेब्रुवारी २०१७ ला अमेझॉनची एस-थ्री ही साठवणुकीची सेवा अमेरिकेच्या पूर्व भागातल्या डेटा सेंटरमध्ये कोलमडली आणि तिच्यावर चालणाऱ्या असंख्य वेबसाइट काही तास आडव्या झाल्या. झालं होतं असं: बिलिंगची यंत्रणा हळू चालली होती म्हणून एक इंजिनिअर ठरलेल्या पद्धतीप्रमाणे थोडे सर्व्हर काढून घेत होता. कमांडमध्ये एक इनपुट चुकलं आणि हवे होते त्याहून कितीतरी जास्त सर्व्हर निघाले. त्यात महत्त्वाच्या दोन उपयंत्रणांचे सर्व्हर होते. त्या पूर्ण बंद करून पुन्हा सुरू कराव्या लागल्या, आणि त्याला अपेक्षेपेक्षा खूप जास्त वेळ लागला, कारण मोठ्या रीजनमध्ये त्या कित्येक वर्षं पूर्ण रीस्टार्ट झाल्याच नव्हत्या. शिवाय सेवा चालू आहे की बंद हे ग्राहकांना दाखवणारं त्यांचं पानसुद्धा एस-थ्रीवरच अवलंबून होतं, त्यामुळे तेही अपडेट करता येईना.

नंतर अमेझॉननं जाहीर केलेला उपाय म्हणजे तुमची पिन. ते टूलच बदललं. आता ते सर्व्हर सावकाश काढतं, आणि ठरावीक किमान संख्येखाली जायला लागलं तर काढायचं नाकारतं. उद्या कोणीही बसलं, कितीही झोपेत असलं, तरी ते टूल तेवढे सर्व्हर काढू देणार नाही.

आपल्या साध्या प्रोजेक्टमध्येही पिना बसवता येतात. प्रॉडक्शनच्या डेटाबेसवर डेव्हलपरला फक्त वाचायची परवानगी ठेवणं ही एक पिन. 'डिलीट' चालवताना 'व्हेअर' (कोणत्या नोंदी ते सांगणारी अट) नसेल तर क्वेरी अडवणं ही दुसरी.

मधली_आळी

वाचायला छान वाटलं. पण मी एका सर्व्हिस कंपनीत डिलिव्हरीला आहे आणि आमची परिस्थिती वेगळी आहे, ती मांडायला हवी.

गिटलॅब, अमेझॉन या स्वतःचं प्रॉडक्ट विकणाऱ्या कंपन्या. चूक झाली तर नुकसान त्यांचं, निर्णयही त्यांचा. आमच्याकडे क्लायंट समोर बसलेला असतो. एसएलए (सेवेच्या वेळेची करारातली हमी) मोडला की पेनल्टी लागते. आरसीएच्या (बिघाडाच्या मूळ कारणाच्या अहवालाच्या) टेम्प्लेटमध्ये 'जबाबदार व्यक्ती' असा रकानाच असतो आणि तो रिकामा ठेवला तर मेल परत येते. क्लायंटचा व्हाइस प्रेसिडेंट स्पष्ट विचारतो, "हा माणूस अजून माझ्या प्रोजेक्टवर आहे का?" अशा वेळी मी त्याला पोका-योके सांगत बसू?

दुसरं. खरोखर बेफिकीर माणसं असतात हो. रिव्ह्यू न करता अप्रूव्ह करणारा, तीनदा सांगूनही टेस्ट न लिहिणारा. सगळ्याला 'सिस्टिमचा दोष' म्हटलं तर मन लावून काम करणाऱ्यांवर अन्याय होतो. एप्रिलमध्ये अप्रेझलला बसतो तेव्हा दोघांना एकच रेटिंग द्यायचं का?

दलाल_स्ट्रीट

मधली_आळी यांचा दुसरा मुद्दा रास्त आहे. पण बेफिकिरी नेमकी कुठे असते ते बघायला मी नाइट कॅपिटल या अमेरिकन शेअर ट्रेडिंग कंपनीचं उदाहरण देईन. मी मुंबईत ट्रेडिंग सिस्टिमवर काम करतो आणि आमच्या धंद्यात ही गोष्ट प्रत्येकानं वाचलेली असावी असं मला मनापासून वाटतं.

१ ऑगस्ट २०१२. न्यूयॉर्क शेअर बाजारात त्या दिवशी नवी सोय सुरू व्हायची होती. तिच्यासाठीचा कोड नाइटला आपल्या आठ सर्व्हरवर टाकायचा होता. तो सात सर्व्हरवर गेला, आठव्यावर राहिला. त्या आठव्यावर 'पॉवर पेग' नावाचा जुना कोड पडून होता. २००३ पासून तो कोणी वापरत नव्हतं, पण काढलाही नव्हता. आणि नव्या कोडसाठी जो फ्लॅग (चालू-बंदची खूण) वापरला तो नेमका पूर्वी पॉवर पेग चालू करायचा. बाजार उघडला, फ्लॅग लागला, सात सर्व्हर नीट चालले आणि आठवा ऑर्डरींचा पाऊस पाडू लागला. ऑर्डर पूर्ण झाली की थांबायचं, हे मोजणारा भाग २००५ मध्ये दुसरीकडे हलवला होता आणि त्यानंतर पॉवर पेग नीट चालतो का हे कोणी तपासलं नव्हतं. पाऊण तासात १५४ शेअरमध्ये ४० लाखांहून जास्त व्यवहार झाले आणि ४६ कोटी डॉलरहून जास्त नुकसान. कंपनीचं स्वतंत्र अस्तित्व काही महिन्यांत संपलं.

आता 'कोणी केलं?' विचारा. आठवा सर्व्हर विसरलेला तंत्रज्ञ, एवढंच उत्तर येईल. पण अमेरिकेच्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशननं २०१३ मध्ये जो आदेश काढला तो वाचला की चित्र बदलतं. डिप्लॉयमेंट दुसऱ्या कोणी तपासावं असा लेखी नियमच नव्हता. बाजार उघडण्याआधी यंत्रणेनं त्या चुकीचा उल्लेख असलेल्या ९७ ईमेल अंतर्गत पाठवल्या होत्या, पण त्या इशारा म्हणून बघायची पद्धतच नव्हती. आणि गडबड सुरू झाल्यावर लोकांनी त्या सात सर्व्हरवरून नवा कोड काढून टाकला. म्हणजे जुना कोड आता आठही सर्व्हरवर जागा झाला. संकटात काय करायचं हे ठरलेलं नसलं की घाबरलेली हुशार माणसं असंच करतात.

कमिशननं १.२ कोटी डॉलरचा दंड केला तो कंपनीला. मधली_आळी, मन लावून काम न करणाऱ्याला रेटिंग जरूर कमी द्या. पण ते वर्षभराच्या कामावरून द्या. ब्रिज कॉलवर देऊ नका.

आपल्याकडचंही एक सांगतो. २४ फेब्रुवारी २०२१ ला एनएसई सकाळी ११.४० ला थांबलं ते ३.४५ ला सुरू झालं आणि बाजार ५ पर्यंत वाढवावा लागला. तेव्हा सगळ्यांना पडलेला प्रश्न होता की पर्यायी डेटा सेंटरवर लगेच का गेले नाहीत. त्यानंतर महिन्याभरात सेबीनं नियम घट्ट केले: महत्त्वाची यंत्रणा बंद पडली तर ३० मिनिटांत आपत्ती जाहीर करायची आणि त्यानंतर ४५ मिनिटांत पर्यायी केंद्रावरून काम सुरू करायचं. "मी स्विच केलं आणि तेच अंगाशी आलं तर?" या भीतीनं कोणी थांबून राहू नये, याची सोय त्यात आपोआप झाली. घड्याळ ठरवतं, माणसाला एकट्याला ओझं घ्यावं लागत नाही.

सहावी_फेरी

टेस्टिंगवाल्यांच्या बाजूनं लिहिते. "कोणी केलं?" नंतरचा दुसरा प्रश्न नेहमी आमच्या वाट्याला येतो: "क्यूएनं हे पकडलं कसं नाही?" रिलीजची तारीख दोनदा अलीकडे ओढलेली असते, रिग्रेशनचे (जुनं काही बिघडलं नाही ना हे तपासायचे) चार दिवस दीड दिवसावर आलेले असतात, आणि ते कमी करणारा माणूस त्याच कॉलवर हा प्रश्न विचारत असतो.

१९ जुलै २०२४ चा क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीचा गोंधळ आठवा. तिच्या एका सदोष अपडेट फाइलमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, ८५ लाख विंडोज मशीन बंद पडली. आपल्याकडे विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले, त्यांचे फोटो सगळ्यांनी पाहिले. कंपनीनं नंतर कारणांचा सविस्तर अहवाल दिला. एका ठिकाणी २१ इनपुट अपेक्षित होते आणि कोड पुरवत होता २०. चाचण्यांमध्ये एकविसाव्या जागी 'काहीही चालेल' असंच असायचं, त्यामुळे महिनोन्महिने कळलं नाही. फाइल तपासणाऱ्या प्रोग्रॅमनंही ती पास केली. आणि मुख्य म्हणजे ती फाइल एकदम सगळ्यांकडे गेली. कंपनीच्या मुख्य सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या टप्प्याटप्प्यानं जायच्या, पण या प्रकारच्या फाइलींना तो नियम लागू नव्हता. सव्वा तासात फाइल मागे घेतली, तरी तोवर पडलेल्या मशीनपैकी कित्येकांजवळ माणसानं जाऊन सेफ मोडमध्ये ती फाइल पुसावी लागली.

इथे टेस्टरला पकडून काय मिळणार? आधी शंभर मशीनवर पाठवून तासभर थांबायचं, एवढा नियम असता तर नुकसान शंभर मशीनचं झालं असतं. माझ्या मते मॅनेजरनं टेस्टिंगचे दिवस कापताना टप्प्याटप्प्यानं रिलीज करायची सोय तरी मागून घ्यावी. दोन्ही नाही म्हणणार आणि वर आम्हाला विचारणार, हे चालणार नाही.

नवा_भिडू

मी गेल्या वर्षीच कॉलेजमधून बाहेर पडलोय, त्यामुळे दादा-ताई लोकांना थेट विचारतो. ब्रिज कॉलवर "हा बदल माझा आहे" असं मी खरंच बोलावं का? माझा लीड चांगला आहे, पण त्याच्या वरचे लोक कसे आहेत मला माहीत नाही.

अजून एक. आमच्याकडे आता एआयची टूलं सक्तीची आहेत. कोड मशीन लिहितं, पीआर (तो कोड जोडून घ्यायची विनंती) माझ्या नावानं जातो. दिवसाला इतका कोड तयार होतो की तो रिव्ह्यू करणारे सीनियरसुद्धा वरवर बघून अप्रूव्ह करतात. उद्या तो फुटला तर "कोणी केलं?" याचं उत्तर माझं नावच असणार. मी न लिहिलेल्या कोडसाठी.

पहाटपाळी

नवा_भिडू, पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, बोल. पण कबुलीजबाब असल्यासारखं नको, माहिती म्हणून बोल. "आज सहा वाजता अमुक सर्व्हिसमध्ये अमुक व्हॅल्यू ५० वरून २० केली. संबंध आहे का माहीत नाही. मागे घ्यायला दोन मिनिटं लागतील." वेळ, बदल आणि मागे घ्यायला किती वेळ लागेल एवढंच. सॉरी म्हणायची ती वेळ नाही. आणि तुझ्या लीडला ही भाषा आधी सांगून ठेव, म्हणजे तो कॉलवर लगेच पुढचा प्रश्न विचारेल.

मी गेली बरीच वर्षं ऑन-कॉल (रात्री-अपरात्री बिघाड निस्तरणारी) टीम बघते आहे. आमच्या टीममध्ये नियमच आहे की इन्सिडेंट चालू असताना सर्वात वरिष्ठ माणसानं आधी स्वतःच्या टीमचे आजचे सगळे बदल वाचून दाखवायचे, कोणी विचारायच्या आत. वरच्यानं आधी बोललं की खालची पोरं आपोआप बोलतात. याला कसलाही खर्च नाही, कोणाची परवानगी लागत नाही.

पण धागालेखकांना एक विचारायचं आहे. आपण सगळे 'दोष देऊ नका' म्हणतोय, आणि मला ते शंभर टक्के मान्य आहे. पण मी असेही ऑफिस पाहिले आहेत जिथे दोष कोणालाच देत नाहीत आणि बदलतही काही नाही. बिघाडानंतर पोस्टमॉर्टमची मीटिंग छान होते, सगळे समजूतदारपणे बोलतात, सात कामं जिरा या कामांच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकली जातात. पुढच्या स्प्रिंटमध्ये (कामाच्या टप्प्यात) नवं फीचर आलं की ती बॅकलॉगच्या, म्हणजे राहिलेल्या कामांच्या, तळाला. सहा महिन्यांनी तेच सुरक्षा सर्टिफिकेट पुन्हा एक्सपायर होतं, तेच लोक पुन्हा पहाटे तीनला उठतात. ही माझ्या मते चूक करणाऱ्याला झापण्याइतकीच वाईट गोष्ट आहे, कारण तिच्यात झोपमोड नेहमी त्याच दोन-तीन जणांची होते आणि ती कोणाला दिसत नाही.

म्हणून आम्ही सातऐवजी दोनच कामं लिहितो. त्यातलं एक पुढच्या रिलीजच्या आत झालंच पाहिजे, नाहीतर रिलीज थांबतं. हा अधिकार ऑन-कॉल टीमकडे आहे. तो मिळवायला मला प्रॉडक्टवाल्यांशी खूप भांडावं लागलं. मॅनेजरचं काम मला विचाराल तर हेच आहे. मीटिंगमध्ये गोड बोलणं सोपं असतं, रिलीज थांबवायचा अधिकार टीमला मिळवून देणं अवघड.

थेम्सकाठ

लंडनहून लिहितोय. दोष माणसाचाच असं गृहीत धरल्यावर गोष्ट कुठवर जाते हे इथल्या पोस्ट ऑफिसनं दाखवलंय.

'होरायझन' नावाची हिशेबाची प्रणाली इथल्या पोस्टाच्या शाखांमध्ये १९९९ पासून बसवली गेली. पुढे ती फुजित्सू या कंपनीच्या ताब्यात होती. तिच्यातल्या बिघाडांमुळे शाखांच्या हिशेबात तूट दिसायची. शाखा चालवणारे लोक हेल्पलाइनला फोन करायचे तेव्हा, असा त्रास फक्त तुम्हालाच होतोय, असं त्यांतल्या अनेकांना सांगितलं गेलं. तूट खिशातून भरायला लावली. चोरी आणि खोट्या हिशेबाचे खटले झाले. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून जास्त लोक दोषी ठरले, काही तुरुंगात गेले, काहींनी जीव दिला. फुजित्सूच्या लोकांना शाखेच्या खात्यात बाहेरून शिरता येतं, हे कित्येक वर्षं नाकारलं जात होतं. २०१९ मध्ये हायकोर्टानं प्रणालीत दोष होते असा निकाल दिला आणि २०२४ मध्ये संसदेला खास कायदा करून या शिक्षा रद्द कराव्या लागल्या.

प्रणालीत काय बिघडलंय हे कंपनीच्या आत काही लोकांना माहीत होतं, तिथेच ही गोष्ट थांबायला हवी होती. आपण सॉफ्टवेअर लिहिणारे लोक 'युजर एरर' असा शेरा मारून तिकीट बंद करतो तेव्हा पलीकडे कोण असतं ते आपल्याला दिसत नाही. मला हा मुद्दा मॅनेजर-डेव्हलपरच्या नात्याइतकाच जवळचा वाटतो.

रानवारा

थेम्सकाठ, हे इथे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. 'युजर एरर' शेऱ्याबद्दल तुमचं म्हणणं मी माझ्या सपोर्ट टीमपुढे ठेवणार आहे.

पहाटपाळी, तुमचा मुद्दा माझ्या मूळ लेखात यायला हवा इतका महत्त्वाचा आहे. दोनच कामं आणि रिलीज थांबवायचा अधिकार, पूर्ण सहमत.

नवा_भिडू, एआयबद्दल. जुलै २०२५ मध्ये कोड लिहायची सेवा देणाऱ्या रेप्लिटच्या एआय एजंटनं जेसन लेमकिन या उद्योजकाचा चालू डेटाबेस पुसला. कोडला हात लावायचा नाही असं बजावलेलं असताना. वर, डेटा परत आणता येणार नाही असंही त्यानं सांगितलं, आणि प्रत्यक्षात तो आणता आला. या प्रकरणात 'कोणी केलं?' विचारून बघ. मशीनला झापून उपयोग नाही, त्याला रेटिंग देता येत नाही, त्याला प्रोजेक्टवरून काढलं तरी त्याच जागी दुसरं मॉडेल येणार. रेप्लिटच्या प्रमुखांनी माफी मागितली आणि उपाय सांगितला तो असा, की डेव्हलपमेंटचा आणि प्रॉडक्शनचा डेटाबेस आपोआप वेगळा राहील. पुन्हा पिनच.

माझी काळजी अशी आहे की काही ठिकाणी नेमकं उलटं होईल. यंत्रणा बदलायला पैसे लागतात, म्हणून 'अप्रूव्ह' बटण दाबणाऱ्या माणसाला पकडलं जाईल. तुझ्यासारख्या नव्या मुलांवर हे सर्वात आधी येणार. तेव्हा सीनियर लोकांना माझं सांगणं आहे: दिवसाला एक माणूस नीट वाचू शकेल त्याहून जास्त कोड रिव्ह्यूला येत असेल, तर तो रिव्ह्यू राहिलेलाच नाही. पीआरचा आकार बांधून द्या. चारशे ओळींच्या वर गेला तर तोडून आणायला सांगा, मग तो माणसानं लिहिलेला असो वा मशीननं. आणि तू स्वतःपुरता एवढा नियम पाळ: जो कोड दुसऱ्याला समजावून सांगता येत नाही, तो आपल्या नावानं पाठवायचा नाही. उशीर होतोय म्हणून कोणी बोललं तर स्टँडअपमध्ये (टीमच्या रोजच्या छोट्या बैठकीत) कारण सांग, सगळ्यांसमोर.

चाकणकर

एक छोटी भर. आमच्या लाइनवर ऑपरेटरला दोर ओढून लाइन थांबवता येते. दोर ओढला म्हणून कोणी ओरडत नाही, सुपरवायझर आधी "काय दिसलं?" विचारतो. हे पहिल्या दिवसापासून असं नव्हतं. आमच्या जुन्या प्लांट हेडनी सुरुवातीला दोर ओढणाऱ्याचा शिफ्टच्या शेवटी सगळ्यांदेखत हात हातात घ्यायची पद्धत पाडली, तेव्हा कुठे लोकांचा विश्वास बसला.

मधली_आळी

सगळे प्रतिसाद वाचले. नाइटचं आणि होरायझनचं उदाहरण विचार करायला लावणारं आहे. ब्रिज कॉलवर नाव विचारणं थांबवता येईल, ते माझ्या हातात आहे. रेटिंग वर्षभराच्या कामावरून, हेही मान्य.

पण माझा क्लायंटचा प्रश्न सुटलेला नाही. टेम्प्लेट त्यांचं आहे, 'जबाबदार व्यक्ती' हा रकाना त्यांचा आहे. मी तिथे प्रत्यक्ष काय लिहू? तत्त्व नको, वाक्य सांगा.

रानवारा

रास्त मागणी. त्या रकान्यात दुरुस्ती पूर्ण करायची जबाबदारी ज्याची आहे त्याचं नाव लिहा, म्हणजे बहुतेक वेळा तुमचं किंवा लीडचं. रकाना भरलेला राहतो आणि क्लायंटला कोणाशी बोलायचं ते कळतं.

कारणाच्या रकान्यात साधारण असं जातं: "डेव्हलपरच्या चुकीमुळे चुकीची कॉन्फिग फाइल प्रॉडक्शनला गेली. संबंधिताला समज देण्यात आली आहे."

त्याऐवजी असं लिहा: "यूएटीची (चाचणीच्या सर्व्हरची) कॉन्फिग फाइल प्रॉडक्शनला गेली. दोन्ही फाइलींचं नाव एकच होतं आणि डिप्लॉयमेंट स्क्रिप्ट एन्व्हायर्नमेंट तपासत नव्हती. आता स्क्रिप्टमध्ये तपासणी घातली आहे. चुकीची फाइल दिल्यास डिप्लॉयमेंट थांबतं. मुद्दाम चुकीची फाइल देऊन घेतलेल्या चाचणीचा स्क्रीनशॉट सोबत जोडला आहे."

क्लायंट नाव मागतो ते बहुतेक वेळा हे पुन्हा होणार नाही याचा भरवसा हवा असतो म्हणून. हा स्क्रीनशॉट त्याला नावापेक्षा जास्त भरवसा देतो, हा माझा अनुभव आहे. मात्र तपासणी खरोखर घातलेली असल्याशिवाय हे लिहू नका.

पहाटपाळी

आणि "हा माणूस अजून प्रोजेक्टवर आहे का?" असं विचारलं तर सांगा, "आहे, आणि ही तपासणी त्यानंच लिहिली आहे." म्हणजे ती खरंच त्यालाच लिहायला द्या.

मधली_आळी

हे चालेल. शुक्रवारी एक आरसीए जायचा आहे, प्रकार जवळपास हाच, फक्त फाइलीऐवजी शेड्यूल्ड जॉब दोनदा चालला. आज स्क्रिप्ट लिहून घेतो आणि मुद्दाम दोनदा चालवून बघायला सांगतो. क्लायंटनं परत पाठवलं तर काय शेरा आला तो इथे टाकतो.